सुटकेनंतरचे काम : नेपाळचा शक्ती समूह

शक्ती समूह ही काठमांडूतील संस्था मानवी तस्करीतून सुटून आलेल्या स्त्रियांनी उभी केली आणि त्याच ती चालवतात. सभासद त्या, कार्यकारिणीवरही त्याच. वकील, समुपदेशक, हिशेबनीस अशी माणसे बाहेरून घेतली जातात. पण कोणते काम हाती घ्यायचे आणि कोणते नाकारायचे हे सभासद ठरवतात. १९९६ साली पंधरा-सोळा जणींनी तिची सुरुवात केली, २००० साली सरकारदरबारी नोंदणी झाली आणि २०१३ साली तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत. तस्करी भोगलेल्यांनीच स्थापन केलेली अशा प्रकारची ही पहिली संस्था मानली जाते. ती नेपाळची असली, तरी तिच्या जन्माला कारण झालेल्या घटना मुंबईत घडल्या.

नेपाळ आणि भारत यांच्यातील सीमा सुमारे १,७५० किलोमीटर लांबीची आहे. १९५०च्या करारानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना ती ओलांडायला पासपोर्ट किंवा व्हिसा लागत नाही. बीरगंजहून रक्सौलला, भैरहवाहून सुनौलीला, नेपाळगंजहून रुपईडिहाला माणसे रोज बाजारहाटासाठी, लग्नकार्यासाठी, मजुरीसाठी ये-जा करतात. ही सोय गरिबांच्या फार उपयोगाची आहे आणि ती बंद करावी असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मात्र याच गर्दीतून एखादी पंधरा वर्षांची मुलगी ‘मामाबरोबर’ पलीकडे गेली, तर तिला अडवण्याचे कारण कोणालाच दिसत नाही. तिथून गोरखपूर आणि मग मुंबईची गाडी, असा हा सरळ रस्ता होता.

मुली मुख्यतः काठमांडू खोऱ्याभोवतीच्या डोंगराळ जिल्ह्यांतून आणल्या जात. सिंधुपाल्चोक, नुवाकोट, मकवानपूर, धादिंग ही नावे या विषयाच्या प्रत्येक अहवालात भेटतात. यांतली बरीच कुटुंबे तामांग समाजाची होती. उतारावरच्या शेतीचे धान्य वर्षभर पुरत नसे, त्यामुळे पुरुष भारतात चौकीदारीला जात आणि मुली काठमांडूतील गालिच्यांच्या कारखान्यांत. गावाबाहेर जाऊन पैसे पाठवणारी मुलगी ही नवलाची गोष्ट राहिली नव्हती, आणि दलालाचे निम्मे काम तिथेच झालेले असे. दलाल म्हणजे रात्री येऊन पळवून नेणारा अनोळखी माणूस, ही सिनेमातली कल्पना. प्रत्यक्षात तो बहुधा ओळखीचा असे. दूरचा चुलतभाऊ, गावातली आधी मुंबईला जाऊन आलेली बाई, कारखान्यातला मुकादम, किंवा खोटे लग्न लावून ‘नवरा’ झालेला तरुण. काही ठिकाणी घरच्यांना थोडी रक्कम आगाऊ दिली जाई आणि घरचेही फार प्रश्न विचारत नसत. गुंगीचे औषध देऊन नेल्याचीही उदाहरणे आहेत. शक्ती समूहाच्या संस्थापकांपैकी चरीमाया तामांग या सिंधुपाल्चोकच्या. सोळा वर्षांच्या असताना त्या जंगलात गवत कापायला गेल्या, तेव्हा त्यांना चार जणांनी गुंगी देऊन पळवले. सुनीता दनुवार यांचे कुटुंब तर मजुरीच्या शोधात भारतातच फिरत होते. तिथूनच त्यांना फसवून मुंबईत विकण्यात आले.

मुंबईच्या कामाठीपुऱ्यात, म्हणजे कुंटणखान्यांच्या वस्तीत, पोहोचलेल्या मुलीला कुलपापेक्षा हिशेबाने अधिक बांधलेले असे. घरवालीने, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईने, दलालाला दिलेली किंमत हे त्या मुलीचे कर्ज ठरे. त्यावर व्याज चढे; जेवण, कपडे, डॉक्टर आणि पोलिसांचा हप्ता हेही तिच्याच खात्यावर पडत. अशा कर्जात असलेल्या मुलीला त्या बाजारात छुकरी म्हणत. कर्ज फिटेपर्यंत तिला एक पैसाही मिळत नसे, आणि कर्ज किती उरले हे घरवालीशिवाय कोणाला ठाऊक नसे. काही वर्षांनी हिशेब मिटला, की ती आधियावर, म्हणजे निम्म्या कमाईवर येई. तोपर्यंत परतीचे दोर बहुतेक कापले गेलेले असत. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने १९९५ साली नेपाळी मुलींच्या मुंबईतील व्यापारावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. या व्यवहाराला अहवालाने गुलामीचे नाव दिले आणि दोन्ही देशांच्या पोलिसांचे त्यातले संगनमतही मांडले.

त्याच सुमारास अल्पवयीन मुलींच्या देहव्यापाराविषयी वर्तमानपत्रात आलेल्या मजकुराची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. फेब्रुवारी १९९६मध्ये मुंबई पोलिसांनी कुंटणखान्यांवर मोठ्या धाडी घातल्या. सुमारे ५०० मुली व स्त्रिया ताब्यात घेतल्या गेल्या. त्यांत नेपाळी सुमारे २०० होत्या.

बातमी इथे संपते, पण खरा विषय इथून सुरू होतो. या मुलींना सरकारी सुधारगृहांत ठेवण्यात आले. अचानक आलेल्या शेकडो जणींची सोय करण्याची तयारी तिथे नव्हती. अपुरी जागा, जेवणाचे हाल, न समजणारी भाषा आणि पुढे काय होणार याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत काही महिने गेले. कुंटणखान्यातून पळण्याची स्वप्ने पाहिलेल्या मुली आता सुधारगृहातून पळण्याचा विचार करू लागल्या. दुसरीकडे नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला राजी नव्हते. कारण असे दिले गेले, की त्या नेपाळी असल्याचा कागद त्यांच्याकडे नाही. एचआयव्ही घेऊन त्या देशात येतील ही भीतीही उघडपणे बोलली जात होती. पंधराव्या वर्षी फसवून नेलेल्या मुलीकडे नागरिकत्वाचा दाखला कुठून असणार? नेपाळमध्ये तो मुळात सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो.

शेवटी सरकारऐवजी नेपाळमधील सात स्वयंसेवी संस्था पुढे झाल्या. अनुराधा कोइराला यांनी १९९३ साली सुरू केलेली मैती नेपाळ, स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणारी वोरेक, एबीसी नेपाळ, मुलांसाठी काम करणारी सीविन या त्यांतल्या काही. १९९६च्या मध्यास शंभराहून अधिक जणी विमानाने काठमांडूला परतल्या आणि या संस्थांमध्ये वाटल्या गेल्या.

परतणे सोपे नव्हते. वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली. त्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि त्यांची चर्चा चव्हाट्यावर आली. एड्सला तेव्हा नेपाळच्या गावांत मुंबईचा रोग म्हणत, त्यामुळे मुंबईहून आलेली प्रत्येक मुलगी रोगीच, असे समीकरण आधीच ठरून गेले होते. काहींच्या घरच्यांनी दार उघडले नाही. काहींनी उघडले, पण शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मुलीने दुसऱ्या शहरात राहावे असे सांगितले. गावातून तिला विकणारा मात्र गावातच होता, आणि बऱ्याच ठिकाणी प्रतिष्ठेने राहत होता.

वोरेकच्या आधाराने राहणाऱ्या काही जणींना तिथे आरोग्य, कायदा आणि हक्क यांविषयी प्रशिक्षण मिळाले. तिथल्या बैठकांत त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मुंबईत विकताना त्यांना कोणी विचारले नव्हते; सोडवताना, डांबताना, परत आणताना, तपासताना आणि छायाचित्र काढतानाही कोणी विचारले नव्हते. त्यांच्याविषयीच्या परिसंवादांत त्या श्रोत्यांतही नसत. यातून आपली स्वतःची संघटना हवी हा विचार पक्का झाला. मदत करणाऱ्या संस्थांविषयी कृतघ्नता त्यात नव्हती, आणि त्या संस्थांपैकी काहींनी नव्या संघटनेला आनंदाने हात दिला. पण सगळ्यांनाच ही कल्पना रुचली नाही. दया करण्याची सवय लागलेल्या माणसाला समोरचा माणूस खुर्ची ओढून बसला, की अवघडल्यासारखे होते.

संघटना स्थापन झाली तरी तिची नोंदणी व्हायला चार वर्षे गेली. नेपाळच्या १९७७च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात नागरिकांनी मिळून अर्ज करावा लागतो, आणि नागरिक म्हणजे ज्याच्याकडे नागरिकता, म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, आहे तो. हा दाखला मिळवायला वडिलांनी किंवा नवऱ्याने सोबत उभे राहावे लागे. ज्या मुलींना वडिलांनी घरात घेतले नव्हते आणि नवरा नव्हता, त्यांनी काय करायचे? शक्ती समूहाचे पहिले मोठे काम ठरले ते हेच : गावोगावी जाऊन, कुटुंबांची समजूत काढून, जिल्हा कार्यालयांच्या पायऱ्या झिजवून सात दाखले जमवणे. कागद नसेल तर नोकरी, बँक खाते, जमीन, पासपोर्ट यांपैकी काहीच मिळत नाही. आणि अशीच बाई पुन्हा दलालाच्या हाती लागते. दाखल्यांसाठीची ही खटपट पुढेही संस्थेच्या कामाचा मोठा भाग राहिली. आईच्या नावाने नागरिकत्व मिळण्याचा मार्ग २००६च्या कायद्याने काहीसा उघडला, तरी २०१५च्या संविधानातही स्त्री-पुरुषांमध्ये या बाबतीत पूर्ण समानता आलेली नाही.

चरीमाया तामांग यांनी मात्र संस्थेची नोंदणी होण्याची वाट पाहिली नाही. बावीस महिने मुंबईत काढून परतल्यावर त्यांनी स्वतः आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध तक्रार केली. नेपाळमध्ये तस्करीला बळी पडलेल्या व्यक्तीने स्वतः उभे राहून दाखल केलेला हा पहिला खटला मानला जातो. १९९७ साली जिल्हा न्यायालयाने त्यात आठ जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली. पुढे २००७ साली नेपाळ सरकारने त्यांचा राष्ट्रीय सन्मान केला आणि २०११ साली अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वार्षिक तस्करी अहवालातही त्यांचा गौरव झाला. पुरस्कारांपेक्षा त्या निकालाचा परिणाम मोठा होता. विकलेल्या मुलीच्या शब्दावरून गावच्या प्रतिष्ठित माणसाला तुरुंगात जावे लागते, हे त्या डोंगरांत प्रथमच दिसले.

असे खटले चालवणे किती जिकिरीचे असते, याची कल्पना बाहेरच्याला सहसा नसते. गुन्हा दोन देशांत घडलेला असतो. साक्षीदार परराज्यात, कागद शून्य, आरोपी नात्यातला. मुलीला तारखा आठवत नाहीत. गुंगीत गेलेला प्रवास आणि खिडकी नसलेली खोली यांना तारखा नसतात. तिच्या पहिल्या आणि तिसऱ्या जबानीत फरक पडतो आणि बचावाचा वकील नेमका तो पकडतो. दरम्यान आरोपीचे नातेवाईक घरी येऊन पैशाची बोलणी करतात. घर गरीब असते, धाकट्या बहिणीचे लग्न ठरायचे असते, आणि अनेक खटले तिथेच मोडतात. या काळात मुलीबरोबर न्यायालयाच्या बाहेर बसणारी बाई जर त्याच वाटेने गेलेली असेल, तर फरक पडतो. वकील कायदा सांगतो. उलटतपासणीत कोणता प्रश्न येईल आणि तो ऐकल्यावर पोटात काय होते, हे त्या वाटेने गेलेलीच सांगू शकते.

नेपाळचा मानव बेचबिखन तथा ओसारपसार (नियंत्रण) कायदा २००७ साली आला. १९८६च्या जुन्या कायद्यापेक्षा तो बराच पुढचा आहे. माणसाची विक्री केल्यास वीस वर्षे कैद आणि दोन लाख नेपाळी रुपये दंड, पीडितेची ओळख गुप्त ठेवण्याची सक्ती, निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर, आणि दंडाच्या किमान निम्मी रक्कम पीडितेला भरपाई म्हणून देण्याची तरतूद, हे त्यातले मुख्य मुद्दे. भरपाईचे कलम कागदावर चांगले दिसते. पण आरोपीने दंड भरलाच नाही तर हाती काही येत नाही. २०१८च्या अपराधपीडित संरक्षण कायद्याने अंतरिम भरपाईची वेगळी वाट करून दिली. या विषयावरच्या राष्ट्रीय समितीत तस्करीतून सुटलेल्या दोन व्यक्तींना सभासद म्हणून स्थान मिळाले आणि चरीमाया तामांग त्यांपैकी एक होत्या. ज्या सरकारने दहा-बारा वर्षांपूर्वी विमान उतरू द्यायलाही काचकूच केली होती, त्याच सरकारच्या समितीत ही खुर्ची होती.

संस्थेचे रोजचे काम मात्र समित्यांपासून लांब चालते. सुटून आलेल्या मुलीला प्रथम निवारा लागतो. औषधपाणी, झोप, आणि कोणी प्रश्न विचारणार नाही असे काही दिवस लागतात. नवी आलेली मुलगी बहुधा खोटे नाव, खोटे गाव आणि खोटे वय सांगते. धाड पडली तर ‘अठरा पूर्ण, स्वखुशीने आले’ असे म्हणायचे, हे घरवालीने पाठ करून घेतलेले असते, आणि न म्हटल्यास काय होईल तेही. शिकलेला कार्यकर्ता याला खोटारडेपणा समजून चिडण्याचा संभव असतो. जिने कधीकाळी स्वतः तेच वाक्य म्हटले आहे, ती चिडत नाही, थांबते. या क्षेत्रात तस्करीतून गेलेल्या कार्यकर्तीचे जे मोल सांगितले जाते, त्यातला मोठा भाग अशा साध्या गोष्टींचा आहे.

निवाऱ्याचे नियम हा दुसरा मोठा प्रश्न. बाहेर जायला परवानगी हवी, फोन ठेवता येणार नाही, पाहुणे फक्त ठरलेल्या वेळी, दाराला कुलूप, हे नियम सुरक्षेसाठीच केलेले असतात. दलाल खरोखरच शोधत येतात. पण कोंडून ठेवल्याचा अनुभव घेऊन आलेल्या मुलीला कुलूप कोणत्या हेतूने लावले आहे यात फारसा फरक वाटत नाही. निवाऱ्याशिवाय सुरुवातीचा काळ निभत नाही, आणि निवाऱ्यात वर्षानुवर्षे राहिलेली बाई बाहेर जगायला बिचकते. म्हणून मधला टप्पा लागतो. तीन-चार जणींनी मिळून भाड्याची खोली घ्यायची, काम शोधायचे, स्वतःचा स्वयंपाक आणि स्वतःचा हिशेब. काठमांडूत शक्ती समूहाने या दोन्ही प्रकारची घरे चालवली आहेत.

कामधंद्याचा विषय निघाला की पुनर्वसनाच्या योजनांत शिवणयंत्र येतेच. त्यामागे मेणबत्त्या, अगरबत्त्या, लोणची. यांतून पोट भरेल इतकी कमाई किती जणींची होते, हे क्वचितच मोजले जाते. शिवणयंत्राचे छायाचित्र मात्र अहवालात चांगले दिसते. एकच बाई तीन संस्थांत तीनदा शिवण शिकल्याचे किस्से या क्षेत्रात सर्रास ऐकायला मिळतात. ज्या संघटनेचे निर्णय त्या स्त्रियाच घेतात, तिथे ‘तुला काय करायचे आहे?’ हा प्रश्न निदान आधी विचारला जातो. उत्तर कधी बकऱ्या पाळायच्या असे येते, कधी किराणा दुकान, कधी अर्धवट सुटलेली शाळा. संस्थापकांपैकी बहुतेकींचे शिक्षणही असेच मध्येच सुटलेले होते आणि संस्था चालवता चालवता त्यांनी ते पुन्हा धरले.

गावांतल्या किशोरी गटांचे काम शांतपणे चालते, पण त्याचा परिणाम खोलवर होतो. दहा-पंधरा मुलींचा गट, ठरावीक दिवशी बैठक, पथनाट्य, कोण गावाबाहेर जाते आहे आणि कोणाबरोबर याची माहिती. ‘शहरात नोकरी लावतो’ म्हणणाऱ्याला कंपनीचे नाव-पत्ता विचारायचा, लग्न लावून नेणाऱ्याच्या गावी चौकशी करायची, एवढे साधे शिक्षण. मुलींनी घर सोडूच नये असे सांगून भागत नाही, कारण घरी राहून पोट भरत नाही. तस्करी रोखण्याच्या नावाखाली मुलींना दाराआड बसवणाऱ्या मोहिमा नेपाळमध्ये पुष्कळ झाल्या. आखाती देशांत घरकामाला जाणाऱ्या स्त्रियांवर सरकारने वेळोवेळी बंदी घातली. स्त्रिया जायच्या थांबल्या नाहीत. त्या दिल्ली-मुंबईमार्गे, दलालाच्या हातून, नोंदीविना जाऊ लागल्या आणि अडचणीत सापडल्या की दूतावासालाही त्यांचा पत्ता नसे.

तस्करीचे रूपही या तीन दशकांत पालटले. कामाठीपुऱ्यातला धंदा आटला आहे आणि तिथल्या जागेवर बांधकाम व्यावसायिकांचा डोळा आहे. नेपाळमध्ये माओवादी संघर्षाच्या काळात गावे सोडून आलेल्या मुली काठमांडूच्या डान्स बार, केबिन रेस्टॉरंट आणि मसाज पार्लरमध्ये पोहोचल्या. सीमा ओलांडायची गरजच उरली नाही. तिथल्या कामगार स्त्रियांच्या शोषणाबाबत नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्देश दिले. मकवानपूरच्या बाजूची लहान मुले भारतातील सर्कशींना विकली जात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणली. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपात सर्वाधिक मृत्यू सिंधुपाल्चोकमध्ये झाले. घर, शेत आणि कागद एकाच दिवशी गेलेल्या कुटुंबांभोवती दलाल घुटमळू लागणार हे ओळखून शक्ती समूहाच्या स्त्रिया तंबूंच्या वस्त्यांत पोहोचल्या. या जिल्ह्याशी त्यांचे नाते जुने होते.

सुटून आलेल्यांनी संस्था चालवण्यातल्या अडचणीही सांगायला हव्यात, कारण पुरस्कारांच्या भाषणांत त्या येत नाहीत. पहिली अडचण गोपनीयतेची. सभासद व्हायचे म्हणजे आपण विकलो गेलो होतो हे निदान संस्थेत मान्य करायचे. छोट्या शहरात ते बाहेर जायला वेळ लागत नाही. सभासदत्वातली प्रतिष्ठा आणि त्यातला डाग ही एकाच कागदाची दोन अंगे आहेत. दुसरी अडचण कहाणीची. देणगीदार, पत्रकार, परदेशी पाहुणे, सगळ्यांना ती ऐकायची असते, आणि प्रत्येक वेळी ती सांगणाऱ्या बाईला रात्री झोप लागत नाही. पैसा आणणारी गोष्ट आणि जखम उघडी ठेवणारी गोष्ट एकच असते, तेव्हा संस्थेला कठोर नियम करावे लागतात : कोण बोलणार, किती बोलणार, चेहरा दाखवायचा की नाही, आणि नाही म्हणण्याचा हक्क कोणाचा. तिसरी अडचण पैशाची. परदेशी निधी दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांपुरता येतो, पण तस्करीतून आलेल्या मुलीचे आयुष्य प्रकल्पाच्या मुदतीत सावरत नाही. शिवाय अहवाल इंग्रजीत हवे असतात, त्यामुळे ते लिहिणाऱ्या पगारी माणसांच्या हाती नकळत सूत्रे जाण्याचा धोका राहतोच. आणि भोगले म्हणून प्रत्येक स्त्री आपोआप चांगली समुपदेशक होत नाही. तिलाही प्रशिक्षण लागते, विश्रांती लागते, आणि कधी दुसरेच काम करायची मोकळीक.

भारतात अशा संघटना उशिरा आल्या. पश्चिम बंगालच्या दक्षिण आणि उत्तर २४ परगणा जिल्ह्यांत ‘बंधन मुक्ती’ आणि ‘उत्थान’, आंध्र प्रदेशात ‘विमुक्ती’ असे तस्करीतून सुटलेल्यांचे गट उभे राहिले. २०१९ साली अनेक राज्यांतील अशा गटांनी मिळून ‘इंडियन लीडरशिप फोरम अगेन्स्ट ट्रॅफिकिंग’ हा मंच स्थापन केला. त्यात देहव्यापारातून सुटलेल्या स्त्रियांबरोबर वीटभट्ट्यांवरची वेठबिगारी भोगलेले स्त्री-पुरुषही आहेत. मुंबई-पुण्याच्या धाडींत सापडलेल्या बंगाली मुली शेवटी ज्या गावी पोहोचतात, तिथे त्यांच्या दारात जाणारे हे गट आहेत.

महाराष्ट्रात या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्था जुन्या आणि भक्कम आहेत. ‘प्रेरणा’ने १९८६पासून कामाठीपुऱ्यात काम सुरू केले आणि देहव्यापारातील स्त्रियांच्या मुलांसाठी १९८८ साली रात्रीचे पाळणाघर काढले. पण शक्ती समूहासारखी, सुटलेल्यांच्याच हातातली मोठी संस्था इथे रुजली नाही. सुटका झालेल्या बहुतेक मुली परराज्यांतल्या किंवा परदेशांतल्या असतात आणि परत पाठवल्या जातात, हे त्याचे एक कारण असावे. गंमत अशी, की शक्ती समूह काठमांडूत आकार घेत होता त्याच काळात सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’ उभी राहिली. ती संघटना देहविक्रीतून बाहेर पडलेल्यांची नसून त्याच व्यवसायात राहून हक्क मागणाऱ्या स्त्रियांची आहे. सज्ञान स्त्रीला धाड घालून ‘सोडवणे’ तिला मान्य नाही. दोघींच्या भूमिका उलट टोकाच्या वाटतात. तरी आमच्याबद्दलचे निर्णय आम्हाला न विचारता घेऊ नका, या मागणीवर त्या एकाच जागी येतात.

कायद्याने या मागणीला आजवर थोडीच जागा दिली आहे. भारताच्या संविधानाचे २३वे कलम माणसाच्या व्यापाराला मनाई करते. १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली मात्र सोडवलेल्या स्त्रीला दंडाधिकारी एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवू शकतो. सज्ञान स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध डांबले जाऊ नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी निर्देश दिले. तस्करीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३७०व्या कलमात होता. १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेच्या १४३व्या कलमात आहे. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि त्यासाठी आरोपीला शिक्षा होण्याची वाट पाहावी लागत नाही. ही गोष्ट पीडितांपर्यंत पोहोचवण्यात बंगालच्या गटांचा वाटा मोठा आहे.

तस्करीवर स्वतंत्र, सर्वसमावेशक कायदा करण्याचे विधेयक लोकसभेने २६ जुलै २०१८ रोजी मंजूर केले. राज्यसभेत ते आले नाही आणि पुढच्या वर्षी लोकसभेची मुदत संपताच रद्दबातल झाले. २०२१ साली नवा मसुदा सूचनांसाठी खुला करण्यात आला. सुटलेल्यांच्या गटांनी त्यावर मांडलेल्या मागण्यांत एक ठळक होती : पुनर्वसन म्हणजे चार भिंतींतला निवारा एवढाच अर्थ धरू नये, उपचार, भरपाई, शिक्षण आणि रोजगार यांची मदत माणसाला त्याच्या घरी, त्याच्या गावी मिळावी, आणि ती मिळते की नाही हे पाहणाऱ्या समित्यांवर तस्करीतून गेलेली माणसे असावीत. नेपाळमध्ये अशा दोन जागा मिळाल्या होत्या.